चाकांवरचे घर : घ्यावे की न घ्यावे?

मोटारीमागे जोडून ओढायचे छोटे घर म्हणजे कॅम्पर ट्रेलर. शासनाच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात हा प्रकारही आहे. प्रश्न असा, की तो विकत घ्यावा का?

माझे मत, घेऊ नये. तो ओढायला आधी दमदार मोटार हवी. पावसाळ्याचे चार महिने तो झाकून ठेवायचा. उरलेल्या आठ महिन्यांत सुट्टीचे दिवस ते किती? शिवाय भिवंडीच्या गल्लीत, जिथे हातगाडी वळत नाही, तिथे तो उभा कुठे करायचा? हौसच असेल तर चार दिवस भाड्याने आणावा.

हौसेला मी नावे ठेवीत नाही. पण चाकांवरचे घर काहींच्या वाट्याला पोटासाठी येते. आमच्या गोदामांबाहेर माल उतरण्याची वाट पाहत ट्रकचालक केबिनमध्येच रात्र काढतात. माझे वडील त्यांतलेच. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझी फी त्याच केबिनमधून आली आहे.

कॅराव्हॅन थांबण्याच्या जागी पाणी, वीज, रस्ता असावा, असे धोरण सांगते. उत्तम! पर्यटकाच्या एका रात्रीसाठी जे सुचते, ते चालकाच्या वर्षभराच्या रात्रींसाठी का सुचू नये?