व्यवहाराच्या नावाखाली

दहावीला नव्वद टक्के गुण मिळाले की विज्ञान शाखाच घ्यायची, असा अलिखित दंडक मध्यमवर्गीय घरांत रूढ झाला आहे. संस्कृत वा इतिहास निवडू पाहणाऱ्याला ‘पोटापाण्याचे काय?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्तच आहे. मग तो अभियांत्रिकीबाबत का विचारला जात नाही? २०१० नंतरच्या दशकात राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिक्त राहिल्या, तरी व्यवहार्यतेचा शिक्का तिच्यावरच!

डॉ. वि. सी. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि पुढे बर्लिनमध्ये भारतविद्येकडे वळले. १९२५मध्ये त्यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारत-संशोधित आवृत्तीची धुरा स्वीकारली. १९१९मध्ये आरंभलेले ते कार्य १९६६मध्ये सिद्धीस गेले. अशी कामे उरलेल्या वेळात होत नाहीत. त्यांना बुद्धिमान माणसांचे आयुष्य लागते.

व्यासपीठावर वारशाचा जयघोष आणि घरी मात्र त्याच्या अभ्यासाला मज्जाव, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयासोबत दुय्यम विषयाची वाट खुली केली आहे. आवडीला उपजीविकेच्या कौशल्याची जोड अवश्य द्यावी; आवडीचा बळी मात्र देऊ नये. वारसा टाळ्यांनी टिकत नाही. तो अभ्यासणारा विद्यार्थी कोणाच्या तरी घरातूनच यावा लागतो.