*ट्रॅक्टरवरचा डबा ऐकू दे, पण बोलायला नको*



अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरवर जीपीएसचा डबा बसवावा, ही मागणी बऱ्याच सभासदांची आहे. आमची ना नाही. ट्रॅक्टर किती तास चालला, डिझेल किती लागलं हे दिसलं की भाड्याची निम्मी भांडणं मिटतील. पण डबा कोणता घ्यायचा यापेक्षा त्याची सेटिंग कोण आणि कशी करतो, हे आधी बघा.

1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरला धुराचे ट्रेम-4 नियम लागू झाले. तेव्हापासून या गटातल्या बहुतेक ट्रॅक्टरचं इंजिन कॉम्प्युटर सांभाळतो. तो कॉम्प्युटर आणि मीटर दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या लाइनला कॅन बस म्हणतात. गावच्या पारासारखंच समजा, एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. आपला डबा तिथं नुसता ऐकत बसू शकतो, नाहीतर मध्येच बोलूही शकतो. हे त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या सेटिंगवर ठरतं. (जुन्या साध्या पंपाच्या ट्रॅक्टरला ही लाइनच नसते. त्याला कॅनवाला डबा घेणं म्हणजे पैसे पाण्यात.)

बोलला तर काय बिघडतं? ट्रॅक्टरच्या इंजिनची लाइन सहसा 250 किलोबिट वेगानं चालते. बसवणाऱ्यानं सवयीनं कारचा 500 वेग टाकला आणि 'लिसन ओन्ली' बंद ठेवलं, तर डब्याला प्रत्येक मेसेज चुकीचा वाटतो आणि तो मध्ये मध्ये ओरडत राहतो. मीटर आणि इंजिनचं बोलणं तुटतं, ट्रॅक्टर जागेवर उभा राहू शकतो. पाऊस पडून वाफसा आलाय, सोयाबीन पेरायला दोन-तीन दिवसच हातात आहेत, अशा वेळी भूम-परंड्याच्या शिवारात लॅपटॉपवाला माणूस कुठून आणणार?

बसवणारे म्हणतात, इंजिनचे तास विचारल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून मेसेज पाठवावाच लागतो. यात तथ्य आहे. काही इंजिनं तासांचा आकडा मागितला तरच देतात. पण इंजिनचे फेरे लाइनवर सतत येत असतात. इंजिन किती वेळ फिरलं हे त्यावरून डबा स्वतः मोजू शकतो. भाड्याला तेवढं पुरतं. त्यासाठी तोंड उघडायची गरज नाही.

डब्यातून मोबाइलवर जाणाऱ्या मेसेजचंही तसंच. फेरे, डिझेल, जागा एवढंच चालू ठेवा, तेही मिनिटाला एकदा. डिझेलच्या आकड्यात एक मेख आहे. कच्चा आकडा 0.05 ने गुणावा लागतो. 120 आला तर तासाला 6 लिटर. तिथं कुणी 0.5 टाकलं की 60 लिटर दिसणार, आणि चोर ठरणार बिचारा ड्रायव्हर! म्हणून पहिल्याच दिवशी टाकी फुल्ल करा, चार तास नांगरट करा, परत फुल्ल करून आकडा ताडून बघा.

आमचं म्हणणं असं की सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पासवर्ड कंपनीच्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. बसवणारा नाही म्हणाला, तर दुसरा बघू.

ज्यांचे स्वतःचे ट्रॅक्टर भाड्यानं चालतात, त्यांनी मॉडेल आणि वर्ष ग्रुपवर टाका. लाइन आहे की नाही ते सांगतो.