तास विकत घ्यावेत की कमवावेत?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा भवानी पेठेत पेढी सांभाळणाऱ्या घरातील मुलगी वा मुलगा ‘हेलिकॉप्टरचा वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. त्यात वावगे काही नाही. परवान्याचा खर्च चौकशीअंती कळतो. परवान्यानंतरचा खर्च मात्र बहुतेकांना उशिरा कळतो, आणि घराची खरी कसोटी तेथेच लागते.

व्यावसायिक परवान्यासाठी साधारण 150 तासांचे उड्डाण लागते. हे तास बहुधा रॉबिन्सन आर-22 किंवा श्वाइझर 300 अशा लहान हेलिकॉप्टरवर होतात. त्यांचे इंजिन मोटारीसारखे पिस्टनचे असते, म्हणून तासाचा खर्च त्यातल्या त्यात आवाक्यात राहतो. नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या ताफ्यात मात्र मुख्यतः टर्बाइन इंजिनाची हेलिकॉप्टरे असतात. टर्बाइन वजनाच्या मानाने अधिक शक्ती देते आणि रॉकेलाच्या जातीच्या इंधनावर चालते. ते सुरू करताना तापमान मर्यादेबाहेर गेले, तर काही सेकंदांत लाखोंचे इंजिन निकामी होऊ शकते. त्यामुळे विमा कंपन्या आणि हेलिकॉप्टर भाड्याने घेणारे मोठे उद्योग टर्बाइनवरील तास मागतात. नवख्याची कोंडी येथेच होते. तास नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून तास नाहीत.

या स्पर्धेत समोर कोण उभे आहे, हेही पाहिले पाहिजे. नाशिकजवळ गांधीनगर येथे सैन्याची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील अधिकारी चीता व चेतक या टर्बाइन हेलिकॉप्टरांवर तयार होतात. सेवानिवृत्तीनंतर ते नागरी क्षेत्रात येतात, तेव्हा त्यांच्या नोंदवहीत हजारो तास जमा असतात आणि त्यांचा खर्च देशाने उचललेला असतो. अशा अनुभवाशी पैशाच्या बळावर बरोबरी करू पाहणे म्हणजे किरकोळ दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याशी भावात झुंजणे होय.

तरीही अनेक पालक तोच मार्ग धरतात. दुकानावर कर्ज काढून परदेशात टर्बाइनचे शंभर तास विकत घेतले जातात. बेल 206 किंवा रॉबिन्सन आर-66 यांचा तास आर-22 च्या तासापेक्षा दुप्पट-तिपटीने महाग पडतो. एवढे करूनही कंपनी एकूण तास विचारते, स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले तास विचारते, रात्रीचे तास विचारते. शंभराचा आकडा तेथे फारसे वजन टाकीत नाही, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

शहाणपणाचा क्रम वेगळा आहे. शुल्क भरण्यापूर्वी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. परवाना पिस्टनवर पूर्ण करावा. बारामतीच्या धावपट्टीवर विमानाचे शिक्षण मिळते, पण हेलिकॉप्टर ही निराळी विद्या आहे. तिच्यासाठी घर सोडावे लागते. परवाना परदेशी असेल, तर भारतात हवाई नियम, हवामानशास्त्र आणि दिशादर्शन यांच्या परीक्षांची तयारी आधीच ठेवावी. टर्बाइनचे तास त्या प्रकारच्या हेलिकॉप्टरची मान्यता मिळण्यापुरतेच विकत घ्यावेत. उरलेले कमवावेत.

कमावण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. अमेरिकेत नवे वैमानिक प्रशिक्षक होऊन हजारेक तास जमवतात आणि मग टर्बाइनवर जातात. भारतीय विद्यार्थ्याला तेथे व्हिसाच्या अटी आड येतात, म्हणून त्या आधीच तपासाव्यात. आपल्याकडे मुंबईचे जुहू महत्त्वाचे आहे. 1974 साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि 1985 साली पवन हंस स्थापन झाली. समुद्रातील तेलफलाटांकडे जाणाऱ्या दुहेरी टर्बाइनच्या हेलिकॉप्टरात दोन वैमानिक बसतात. त्यातील डावीकडचे, सहवैमानिकाचे आसन हेच नवख्यासाठी खरे विद्यालय. जागा थोड्या असतात आणि थांबावे लागते. म्हणून दोन वर्षांच्या थांबण्याची तरतूद शिक्षणाच्या अंदाजपत्रकातच धरावी. सहवैमानिकाचे तास कोणत्या हेलिकॉप्टरवर किती प्रमाणात धरले जातात, हे नियम ठरवतात. ‘स्वस्तात तास’ देणाऱ्या योजनेत पैसे भरण्यापूर्वी ही गोष्ट लेखी विचारावी.

या कोंडीतून आणखी एक मोह जन्म घेतो, तो न उडवलेले तास लिहिण्याचा. 2011 साली देशात खोट्या गुणपत्रिका आणि बनावट उड्डाणतासांची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा अटकाही झाल्या. वैमानिकाची नोंदवही ही त्याची रोजकीर्द असते. दुकानाच्या वहीत खोटी रक्कम लिहिली, तर ती हिशेब जुळवताना पकडली जाते. उड्डाणाच्या वहीतील खोटा तास इंजिन बंद पडते त्या क्षणी, समुद्रावर, मागे बसलेल्या प्रवाशांच्या देखत पकडला जातो.

व्यापारी घराला हे शिकवावे लागत नाही. उसन्या भांडवलावर फुगवलेली पेढी आणि वर्षानुवर्षे पै-पै जोडून उभी राहिलेली पेढी यांतला फरक तेथे लहान मुलालाही ठाऊक असतो. आकाशात जाऊ पाहणाऱ्या मुलाला घराने पैशाइतकाच तो धीर द्यावा.