विश्लेषण : येडशीच्या रानात वाघ, मेळघाटात अस्वल; जंगलात पायी जाताना काय करावे, काय टाळावे?

धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये वन विभागाच्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला. तोवर रामलिंगच्या डोंगरात जाणाऱ्यांना भीती असायची ती फार तर बिबट्याची, आणि हातातली पिशवी ओढणाऱ्या माकडांची. आता श्रावणात दर्शनाला जाणारे, पावसाळ्यात धबधबा पाहायला जाणारे आणि रविवारी बालाघाटच्या डोंगरांत ट्रेकला निघणारे तरुण एकच प्रश्न विचारतात : समोर जनावर आलेच तर करायचे काय?

इंटरनेटवर या प्रश्नाची उत्तरे ढिगाने मिळतात. पण त्यातली बरीचशी अमेरिका आणि कॅनडातल्या अस्वलांसाठी लिहिलेली असतात. तिथली अस्वले वेगळी, जंगले वेगळी. आपल्याकडची परिस्थिती काय सांगते, ते समजून घेऊ.

येडशीत वाघ आला कसा?

हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला. चारशे किलोमीटरहून अधिक अंतर शेते, रस्ते, नद्या आणि गावांच्या कडेने कापून तो धाराशिव जिल्ह्यात पोहोचला. यात नवल असले तरी हा प्रकार पहिला नाही. टिपेश्वरमधूनच २०१९ मध्ये निघालेला ‘वॉकर’ नावाचा वाघ हजारो किलोमीटर फिरून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात दिसला.

कारण सोपे आहे. टिपेश्वरचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाघांची संख्या वाढली, की वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख शोधत बाहेर पडावे लागते. येडशीचे अभयारण्य तर जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. एका नर वाघाला हा मुलूख पुरत नाही. त्यामुळे त्याचा वावर अभयारण्याच्या हद्दीत राहिला नाही; शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यातही तो फिरला. जनावरे मारल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२५ च्या सुरुवातीला त्याला पकडण्यासाठी ताडोबाहून आणि नंतर पुण्याहून पथके आली. अनेक आठवडे प्रयत्न झाले, पण वाघ हाती लागला नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘आपल्याकडे असले प्राणी नसतात’ हे वाक्य आता कोणत्याच जिल्ह्यात खात्रीने म्हणता येत नाही.

मग अस्वलाचा संबंध काय?

येडशीच्या डोंगरात अस्वल हा नेहमीचा प्राणी नाही. पण इथले ट्रेकर सुटीत जिथे जातात, त्या मेळघाट, ताडोबा, ज्ञानगंगा आणि पैनगंगेच्या जंगलांत अस्वले आहेत. आणि या जंगलांत पायी फिरणारे जाणकार वाघापेक्षा अस्वलालाच जास्त बिचकून असतात.

त्यामागे अस्वलाचा स्वभाव आहे. वाघ माणसाची चाहूल आधीच घेतो आणि बहुतेक वेळा न दिसताच बाजूला होतो. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर कमजोर. वारुळ फोडून वाळवी खाण्यात ते गुंग असेल, तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. मग ते दचकते. दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता मोठी. ज्या जंगलात वाघ आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्यासाठी त्याने हाच उपाय शिकला आहे. अस्वल माणसाला खाण्यासाठी हल्ला करत नाही. ते घाबरून करते. पण लांब नख्यांमुळे जखमा भयंकर होतात, आणि त्या बहुतेक डोक्यावर व चेहऱ्यावर होतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात, तेव्हा ती वेचायला पहाटे माणसेही जातात आणि अस्वलेही. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याच्या हंगामातही तेच. दोघे एकाच झाडाखाली एकाच वेळी पोहोचतात, तिथे घात होतो.

अस्वल समोर आले तर?

शाळेत सगळ्यांनी वाचलेली दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट इथे आठवते. त्यातला पहिला मित्र झाडावर चढतो आणि वाचतो. प्रत्यक्षात तो उपाय चुकीचा आहे, कारण आपले अस्वल झाडावर उत्तम चढते; मधाची पोळी ते तिथूनच काढते. दुसऱ्या मित्राने केले ते मात्र बऱ्याच अंशी बरोबर आहे, फक्त त्याची वेळ कळायला हवी.

- अस्वल लांब असेल आणि त्याने पाहिले नसेल, तर आल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे. व्हिडीओसाठी थांबू नये.
- त्याने पाहिले असेल, तर पळू नये. अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते. त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू आवाजात बोलत एकेक पाऊल मागे सरकावे.
- ते मागच्या पायांवर उभे राहिले, म्हणजे हल्लाच करणार असे नाही. बऱ्याचदा ते वास घेत अंदाज बांधत असते.
- पाठीवर पिल्ले घेतलेली मादी दिसली, तर अंतर दुप्पट वाढवावे. मादी आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही येऊ नये.
- अस्वल अंगावर आलेच, तर पालथे पडावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत, चेहरा जमिनीकडे ठेवावा. पाठीवरची सॅक काढू नये. तिचीच ढाल होते. अस्वल लांब गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये.

वाघ किंवा बिबट्या दिसला तर?

इथे नियम बदलतो. वाघ-बिबट्यासमोर आडवे पडणे किंवा खाली बसणे ही सर्वांत मोठी चूक. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्यांना चार पायांच्या सावजासारखा भासतो. म्हणून ताठ उभे राहावे, पाठ दाखवू नये, पळू नये, लहान मूल सोबत असेल तर त्याला लगेच उचलून घ्यावे. सगळ्यांनी एकत्र येऊन हळूहळू मागे सरकावे. बिबट्या जवळ येऊ लागला, तर हात वर करून जोराने ओरडावे, काठी आपटावी. हल्ला झालाच, तर हातात असेल त्याने प्रतिकार करावा.

मारलेले जनावर दिसले, तर तिथे क्षणभरही थांबू नये. वाघ आपल्या शिकारीकडे परत येतो; बऱ्याचदा तो जवळच्याच झुडपात बसलेला असतो. गाय मारल्याची बातमी कळताच गावातून बघ्यांची गर्दी धावते, तो सर्वांत धोक्याचा क्षण असतो.

मुक्काम करायचा असेल तर?

अभयारण्यात परवानगीशिवाय जाणे आणि जंगलाला आग लागेल असे काही करणे, हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे ‘कुठेतरी आत तंबू ठोकू’ हा बेत मुळातच बाद. वन विभागाने परवानगी दिलेल्या जागी राहायचे असेल, तर हे लक्षात ठेवावे.

- पाणवठा, ओढ्याचे पात्र, वारुळे, फळांनी लगडलेली बोर-जांभळाची झाडे आणि जनावरांची पायवाट यांच्याजवळ तंबू नको.
- स्वयंपाक आणि झोपणे यांत अंतर हवे. तंबूत भाकरी, चिवडा, गूळ, फळे काहीही ठेवू नये. उरलेले अन्न बंद डब्यात घालून परत न्यावे.
- अंधार पडल्यावर एकट्याने प्रातर्विधीला जाऊ नये. दोघांनी टॉर्च घेऊन, बोलत जावे.
- वाटेत दाट झाडी, वळण किंवा वाहत्या पाण्याचा आवाज असेल, तिथे मुद्दाम मोठ्याने बोलावे. घुंगरू बांधलेली काठी हा जुना आणि चांगला उपाय आहे. कानात इअरफोन अजिबात नको.

रामलिंगला दर्शनाला जाणाऱ्यांसाठीही यातले बरेचसे लागू पडते. नेहमीची वाट सोडू नये आणि अंधार पडायच्या आत परत फिरावे. माकडांना खाऊ घालू नये. उरलेल्या खाण्यावर कुत्री आणि डुकरे येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या.

मोबाइलवर आलेला व्हिडीओ खरा की खोटा?

वाघाची बातमी आली, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपल्याच शिवारातला’ म्हणून दुसऱ्याच राज्यातला व्हिडीओ फिरू लागतो. आता त्यात एआयने तयार केलेल्या फोटोंची भर पडली आहे. यात नुसती घबराट होत नाही. खोट्या माहितीवर वन विभागाचे पथक एका टोकाला धावते आणि जनावर असते दुसऱ्या टोकाला. म्हणून फॉरवर्ड करण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. पायाचा ठसा दिसला, तर शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

हल्ला झालाच तर?

रक्तस्राव थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाने दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. किरकोळ वाटणारी जखमही साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजची लस घ्यावीच. जखमेवर हळद किंवा तंबाखू भरू नये.

राज्य सरकारच्या २०२३ मधील निर्णयानुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. जखमी व्यक्ती आणि मारली गेलेली गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्यासाठीही भरपाई आहे. मात्र पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये आणि वनरक्षकाला लगेच कळवावे. उशीर झाला की दावा अडतो.

ज्यांना वेळ निवडता येत नाही, त्यांचे काय?

वरचे सगळे नियम एकाच सूत्रावर उभे आहेत. जनावर समोर आल्यावर माणसाच्या हातात फार थोडे उरते; खरा बचाव त्याआधीच होतो. कधी जायचे, कुठून जायचे, सोबत कोण आणि किती आवाज करत, यावर बहुतेक सगळे ठरते.

पण ही निवड ट्रेकरला आहे. त्याला बेत रद्द करता येतो. येडशी परिसरात गुरे राखणाऱ्याला तो करता येत नाही. शेतीपंपाची वीज रात्री येणार असेल, तर गव्हाला पाणी द्यायला शेतकऱ्याला रात्रीच बांधावर जावे लागते, एकट्याने आणि अनेकदा वाकून दारे मोडत. वाघ-बिबट्याच्या मुलखात जे करू नये असे सांगितले जाते, नेमके तेच त्याला रोज करावे लागते. ‘रात्री बाहेर पडू नका’ हा फलक त्याच्यासाठी निरुपयोगी आहे.

म्हणून वाघाचा वावर असलेल्या गावांत दिवसा वीज ही सवलत न मानता सुरक्षेचा उपाय मानायला हवी. गोठ्यांना बंदिस्त कुंपण, वनरक्षकांची पुरेशी संख्या आणि भरपाई वेळेत हेही त्याच यादीत येते. वाघ पकडून दुसरीकडे नेला, तरी हा प्रश्न संपत नाही. टिपेश्वरहून निघालेली वाट आता माहीत झाली आहे. उद्या त्याच वाटेने दुसरा येऊ शकतो. तो येण्याआधी गावांनी आणि सरकारने तयारी केली, तर माणूसही वाचेल आणि वाघही.