क्यूआर कोड काढू नका, आधी पार्सलवरचा पत्ता बघा

जुलै 2025 मध्ये बंगळुरूतल्या बऱ्याच छोट्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त कॅश' अशा पाट्या लागल्या. दुकानदारांच्या यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकच्या कर विभागाने जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या. त्याचे रील्स फिरत होते, तेव्हाच कोल्हापूरहून वहिनींचा फोन आला. त्या घरी कांदा-लसूण मसाला करून इन्स्टाग्रामवर विकतात.

"भाऊजी, क्यूआर कोड काढून टाकू का?"

मी म्हटलं, "कोड राहू द्या. पार्सलं कुठं कुठं जातात ते सांगा."

यूपीआयवर कर नाही

कर विक्रीवर असतो. पैसे रोख घ्या नाहीतर फोनवर, नियम तोच. फरक एवढाच की यूपीआयची नोंद राहते. बंगळुरूत विरोध झाल्यावर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगितलं, पण नोंदणीचा नियम कायम ठेवला.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. इथे विक्री म्हणजे नफा नव्हे. एका पॅनवरची सगळी विक्री मोजतात, करमाफ मालाचीसुद्धा.

खरी गोम राज्याच्या सीमेवर

ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना आहे. कोल्हापूरहून नागपूरला मसाला पाठवला तर चालतं. पण शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावला एक किलोची ऑर्डर गेली, तरी नोंदणी सक्तीची! हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना अटींसह सवलत आहे, मसाल्याला नाही.

मीशो, ॲमेझॉनसारख्या ठिकाणी विकणाऱ्यांना तर पूर्वी पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेच्या आतल्या छोट्या विक्रेत्यांना पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेतला की पुरतं. पण तिथंही अट तीच, माल राज्याबाहेर पाठवायचा नाही.

इन्कम टॅक्सचा हिशोब वेगळा

हा कर नफ्यावर असतो. असे प्लॅटफॉर्म विक्रीच्या रकमेतून 0.1 टक्का टीडीएस कापतात. वर्षाला 5 लाखांपर्यंत विकणाऱ्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिला असेल तर कापत नाहीत. कापलेले पैसे परत हवे असतील तर रिटर्न भरावं लागतं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पॅन ही 'की' आहे. बँक, प्लॅटफॉर्म आणि जीएसटी यांची टेबलं तिच्यावरच जोडली जातात. त्यामुळे दोन खाती उघडून काही लपत नाही.

मग वहिनींनी काय केलं?

त्यांच्या वहीत बेळगाव आणि पणजीची गिऱ्हाईकं निघाली. दोनच वाटा होत्या. ती गिऱ्हाईकं सोडायची, नाहीतर नोंदणी करून विक्री शून्य असली तरी रिटर्न भरत राहायचं. शून्य रिटर्नलाही उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये. त्यांनी नोंदणी केली. "गिऱ्हाईक तोडायचं नसतं," म्हणाल्या.

मला हा नियम खटकतो. दुकानाला 40 लाखांची मोकळीक आहे, पण फोनवरून विकणाऱ्याला ती पहिल्या परराज्यातल्या ऑर्डरपर्यंतच. मर्यादा विक्रीच्या रकमेवर असावी, पिनकोडवर नाही. पण नियम बदलेपर्यंत तुम्ही एक शीट ठेवा: तारीख, रक्कम, माल आणि राज्य. नोटीस आलीच तर तुमच्या बाजूने तीच बोलेल.