परसातील सुगी आणि बरणीतील धोका

पौष-माघात परसातील मटार, फरसबी आणि गाजरे एकदम हाताशी येतात, आणि ज्या कुटुंबाने ती स्वकष्टाने वाढविली त्यास त्यांतील एकही शेंग वाया जाऊ नये असे वाटणे सर्वथा स्वाभाविक आहे; तथापि भाजी नुसती उकळून हवाबंद बरणीत भरण्याचा जो हौशी प्रघात दिसतो, त्याविषयी वेळीच इशारा देणे मला अगत्याचे वाटते. निकोला अपेर या फ्रेंच गृहस्थाने १८१० साली ही विद्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध करून सरकारातून बारा हजार फ्रँकांचे इनाम मिळविले, तेव्हा अन्न नासण्याचे खरे कारण कोणास ठाऊक नव्हते. आज आपणांस ठाऊक आहे की, बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतही तग धरतात, अल्पाम्ल भाजीच्या हवाबंद बरणीत वाढून प्राणघातक विष निर्माण करतात, आणि त्या विषाचा वास वा रंग यांवरून सुगावा लागेलच अशी मुळीच शाश्वती नसते. त्यांच्या नाशास दाबाखालील ११६ ते १२१ अंशांची उष्णता प्रमाणित वेळ द्यावी लागते. रोजच्या स्वयंपाकाच्या कुकरावर त्यासाठी विसंबू नये.

बरणीऐवजी भाजी गोठवण्याचा मार्ग धरावा. त्यासाठी मटारास दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात निववावे, म्हणजे चव व रंग बिघडविणारी एन्झाइमे निष्प्रभ होतात. मग कोरडे करून उणे १८ अंशांत गोठवावे. जेथे वीज बेभरवशाची, तेथे आपली वाळवणे आणि लोणची आहेतच. घरगुती भाजीची हवाबंद बरणी, योग्य उपकरणाखेरीज, कोणीही भरू नये.