पाणी कुणाचे, फेस कुणाचा?

देवळालीच्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोऱ्या शिपायांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेडसरपणाला ‘डुलाली’ हा शब्द रूढ झाला. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या एका छोट्या बिअर-भट्टीने तेच नाव घेतले. गव्हाची हेफेवायझेन, बेल्जियन विटबिअर, ओटमील स्टाउट असे प्रकार तेथे ताजे मिळू लागले. पुढे इतर शहरांतही अशा भट्ट्या निघाल्या. त्यांच्या बिअरचे ‘स्थानिक’ म्हणून मोठे कौतुक होते.

हे स्थानिकपण राहात्याच्या कालव्यावर उभे राहून तपासले पाहिजे. देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणेवर १९१६ सालचे धरण आहे. तिचे पाणी गोदावरीत मिळते आणि नांदूर मधमेश्वरहून उजव्या कालव्याने राहात्याच्या पेरूबागांपर्यंत येते. बिअरची बार्ली राजस्थान-हरियाणाकडची आणि हॉप्स बहुतांशी परदेशी. स्थानिक काय, तर पाणी! एक लिटर बिअरमागे मोठ्या कारखान्यालाही तीन ते पाच लिटर पाणी लागते; छोट्या भट्टीत हे प्रमाण सहसा अधिकच असते.

छोट्या भट्टीचा एकूण वापर किरकोळ आहे, हे मान्य केले पाहिजे. खरा प्रश्न मोठ्या कारखान्यांचा आहे. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. तरीही औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) परिसरातील मद्यनिर्मितीचे पाणी तोडण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. १० मेपासून ही कपात साठ टक्क्यांवर गेली. शासनाला जे स्वतःहून सुचायला हवे होते, ते न्यायालयाने सुचवले!

वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सुटले की सात नंबरचा अर्ज भरून बसलेल्या राहात्याच्या शेतकऱ्याला आवर्तनाची धास्ती वाटते. ‘आमचे पाणी बिअरला चालले’ ही त्याची चीड समजण्याजोगी आहे. परंतु ते पाणी मराठवाड्यातील तहानलेल्या माणसाचेही आहे. २००५च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आपण सोडता कामा नये. नगर विरुद्ध मराठवाडा या भांडणात दोन्हीकडचे शेतकरी हरतात आणि कारखान्याची तोटी चालू राहते.

२००३च्या जलनीतीने उद्योगाला शेतीच्या वर बसवले होते. २०११मध्ये शेतीला पिण्याच्या पाण्याखालोखाल दुसरा क्रम मिळाला. हा क्रम टंचाईच्या वर्षी पाळला जातो की नाही, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रत्येक मद्यकारखान्याला रोज किती पाणी मिळते, ते जाहीर व्हावे. शेतीचे आवर्तन तोडण्यापूर्वी मद्यनिर्मितीचे पाणी आपोआप कमी व्हावे. कपातीच्या काळात कंत्राटी कामगाराची मजुरी बुडू नये. आणि हाच नियम आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्यांनाही लागू करावा. घरच्यांना सूट देऊन दुसऱ्याकडे बोट दाखवणारी चळवळ लोक मानत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांना संपूर्ण दारूबंदी हवी आहे. तो वाद पुढेही चालू राहील. पण पाण्याच्या पाळीचा हिशेब या उन्हाळ्यापूर्वीच मागितला पाहिजे.